घरची माणसंही पाहतात

३ मे

ही म्हणते, "तुम्ही सगळं मनात साठवता आणि मग जेवताना मिठावरून भांडता. त्यापेक्षा लिहून काढत जा." वहीसुद्धा तिनेच आणून दिली. तेव्हा लिहितो.

भिंगरीला टेकडीवरच्या कॉलेजातून भेटीसाठी बोलावणं आलंय. भिंगरी म्हणजे आमची एकुलती एक लेक. लहानपणी दुकानातल्या हँगरच्या गोल स्टँडभोवती इतकी गरगर फिरायची, की खरं नाव शाळेपुरतंच उरलं. लेखी परीक्षेत पास झाल्याचं तिने सांगितलं, तेव्हा मी एका जाकिटाच्या कॉलरवर ब्रश मारत होतो. "बरं झालं," म्हणालो आणि मारत राहिलो. कॉलर केव्हाच स्वच्छ झाली आहे, हे तिनेच दाखवून दिलं.

आमचं ड्रायक्लीनिंगचं दुकान टेकडीच्या पायथ्याशी आहे. वर राहणाऱ्यांचे कपडे आमच्याकडे येतात, माणसं येत नाहीत. कपडे नोकर आणतात आणि ड्रायव्हर नेतात. कोणाला घाम फार येतो, कोण चोरून सिगारेट ओढतो, कोणाचा हात जेवताना थरथरतो, हे मला इथे बसून कळतं. पण त्यांतला एखादा रस्त्यात समोर आला तर मी ओळखणार नाही. त्याची पँट ओळखेन.

आता माझी मुलगी त्यांच्या मुलांशेजारी बसणार. आनंद व्हायला हवा. झालाही आहे. पण आज दोन पावत्यांवर नंबर चुकवले.

५ मे

मेहुणा आला होता. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून आहे आणि त्याला सगळ्यातलं सगळं कळतं.

"भाऊजी, विचार कसला करताय? तिथून बाहेर पडलं की नुसतं कॉलेजचं नाव सांगायचं, समोरचा खुर्ची सरकवून देतो. मी पुलापलीकडच्या कॉलेजात शिकलो. काय झालं माझं?"

"तुझं जे झालं ते तुझ्यामुळे झालं," ही म्हणाली. "त्या बिचाऱ्या कॉलेजवर कशाला ढकलतोस?"

हिला पुलापलीकडचंच कॉलेज बरं वाटतं. तिथं आमच्यासारख्यांची मुलं जातात, दुपारी घरी जेवायला येता येतं. "वर तिच्याशी बोलणार कोण?" हे तिचं म्हणणं. "सुट्टीत कुठं जाऊन आलीस म्हणून विचारतील. ही काय सांगणार, काउंटरवर?"

भिंगरीला विचारलं. ती म्हणाली, "त्यांच्याकडे घुमट आहे, बाबा. आत मोठी दुर्बीण आहे. मला तेच शिकायचंय." मला आठवलं, पूर्वी वर कपडे पोचवायला जायचो तेव्हा तिला गाडीत बसवून ठेवायचो. मी मागच्या दाराने आत जाऊन येईपर्यंत ती काचेला नाक लावून त्या घुमटाकडे बघत बसलेली असायची.

"आकाशाचं शिकून पोट भरतं का?" मेहुण्याने विचारलं.

"पाण्याच्या बिलांचं शिकून भरलं ना, मामा?"

मेहुणा हसला, पण उरलेला चहा न पिताच गेला.

खरं लिहायचं तर आजपर्यंत मीही मनातून भिंगरीच्या आईच्याच बाजूने होतो.

९ मे

वकीलीणबाई दुकानात आल्या. वरच्या लोकांत स्वतः येणाऱ्या त्या एकट्याच. त्यांचा भाचा त्याच कॉलेजात शिकतो. भिंगरीचं कळल्यावर त्यांना खरंच आनंद झाला. म्हणाल्या, "लेखीचं काय हो, हुशार मुलं पुष्कळ असतात. भेटीत घरची माणसंही पाहतात."

"म्हणजे काय पाहतात?"

"म्हणजे असंच. आईवडील कोण, कसे आहेत. तुम्ही मोकळेपणाने बोला म्हणजे झालं."

मोकळेपणाने बोला, हे सांगणं त्यांना सोपं. त्या गेल्यावर मी माझे हात पाहिले. डाग काढायच्या औषधांनी कातडी पांढुरकी झालीये, बोटांच्या टोकांना भेगा आहेत. हे हात कोणत्या खिशात लपवायचे?

तरी एक गोष्ट झाली. बाई गेल्या आणि मला एकदम वाटलं, की हे होऊ शकतं. भिंगरी त्या घुमटाखाली उभी आहे आणि मी पुढच्या दाराने आत चाललोय, असं डोळ्यांसमोर आलं. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. आता न्हाव्यापासून बेकरीवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत झालंय. सांगितलं मीच.

१४ मे

भेटीला काय घालायचं हा प्रश्न होता. माझ्याकडे लग्नातला एक कोट आहे, तो आता पाठीत आवळतो.

दुकानात मागच्या बाजूला एक लांब दांडा आहे. जे कपडे कोणी न्यायलाच येत नाही ते त्यावर टांगलेले असतात. माणसं विसरतात, गाव सोडतात, मरतात. पावतीच्या मागे छापलंय की मुदतीनंतर आमची जबाबदारी नाही, पण मी त्यांतलं काही कधी विकलं नाही. गिऱ्हाईकाचा कपडा आपल्या अंगाला लावायचा नाही, ही आमच्या वडिलांची सक्त ताकीद होती. मीही ती पाळत आलो.

त्या दांड्यावर एक राखाडी कोट आहे. लोकर अशी, की हात फिरवला तर मांजराची पाठ वाटावी. कॉलरची शिलाई हाताची. केव्हातरी बाहीवर कॉफी सांडून आला होता. कोणाचा तरी ड्रायव्हर टाकून गेला आणि तो काही परत आला नाही. घालून पाहिला. खांद्यात जरा सैल आहे आणि बाह्या बोटभर लांब, एवढंच.

"अहो, कोणाचा तरी आहे तो," ही म्हणाली.

"न्यायला आला नाही, म्हणजे नको असेल."

"बाबांची ताकीद विसरलात?"

"बाबांच्या नातीला कधी कोणी टेकडीवर बोलावलं नव्हतं."

तिने संध्याकाळी बाह्या आत दुमडून टाके घालून दिले. टाके कच्चेच घातले. पक्के घाल म्हटलं तर म्हणाली, "परत उसवायचेत ना?"

१६ मे

आज सराव केला. ही प्राचार्य झाली, मी मी. आपण काय करता, या प्रश्नाला मी "कापडाच्या उद्योगात आहे" असं म्हणायचं ठरवलंय. खोटं नाही ते.

भिंगरी म्हणाली, "बाबा, दुकान आहे असं सांगूया ना. त्यात काय आहे?"

"त्यात काय आहे, ते इतकी वर्षं काउंटरवर बसून तुला कळलं नसेल, तर कमाल आहे."

"मला कळलंय. म्हणूनच म्हणतेय."

पोरींना या वयात सगळं सोपं वाटतं. भिंगरीची आई भेटीला येणार नाही. म्हणाली, मला तुमचं नाटक जमायचं नाही, मध्येच हसू येईल. पण चेहरा काही हसण्याचा नव्हता.

१९ मे

भेट झाली. सविस्तर लिहितो, कारण आजच्यासारखा दिवस पुन्हा येणार नाही.

निघताना भिंगरीने कोट पाहिला. "हा कोणाचा?"

"सध्या आपला."

"दांड्यावरचा आहे ना? काढा ना बाबा. तुमचा निळा शर्ट छान दिसतो."

"निळ्या शर्टात मी दुकानदार दिसतो."

 टेकडीचा रस्ता कसल्याशा पाइपसाठी खणून ठेवलाय, सगळीकडे लाल माती. फाटकापाशी मी रुमालाने दोघांचे बूट पुसले. मग आम्ही पुढच्या दाराने आत गेलो. दाराची मूठ पितळी आणि गार होती.

खोलीत लांब टेबलापलीकडे तिघं होते. मध्ये प्राचार्य, पांढरे केस, उंच, खांदे रुंद, आवाज अगदी हळू. एका बाजूला मोत्यांची माळ घातलेल्या एक वयस्क बाई आणि दुसऱ्या बाजूला दुर्बिणीच्या विषयाचा तरुण प्राध्यापक. त्या तरुणाने आधी भिंगरीला विचारायला सुरुवात केली. चंद्र उगवताना एवढा मोठा का दिसतो, असलं काहीतरी. भिंगरी काय बोलत होती! हात हलवून सांगत होती, मध्येच तिने त्याचंच म्हणणं खोडलं, तर तो मोठ्याने हसला आणि पुढे सरसावून बसला. मला निम्मं कळलं नाही, पण माझी छाती कोटात मावेना.

प्राचार्य मात्र माझ्याकडे बघत होते. पुष्कळ वेळ. मग म्हणाले, "कोट फार छान आहे तुमचा."

मी म्हणालो, "आमच्या नेहमीच्या शिंप्याकडचा आहे. माप घेऊन शिवलेला."

"असं होय? मग आत डाव्या बाजूला चष्म्याचा लहानसा कप्पा असेल."

मी आत हात घातला. खरंच कप्पा होता! मला माहीतसुद्धा नव्हता. "आहे की! तुम्हाला कसं कळलं?"

"जुने शिंपी ठेवायचे तसा," ते म्हणाले. "चांगला जपलाय तुम्ही. अगदी नव्यासारखा."

एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस, पण कपड्याची केवढी पारख! मोत्यांच्या माळेच्या बाईंना ठसका लागला. त्या तोंडाला रुमाल लावून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग मी सांगितलं, की मी कापडाच्या उद्योगात आहे. प्राचार्य म्हणाले, "वाटलंच." आणखी काही विचारलं नाही. म्हणजे छाप पडली.

घोळ झाला तो भिंगरीचा. इतकं छान चाललं होतं आणि एकदम हिची वाचाच बसली. कान लाल, नजर गुडघ्यांवर. तो तरुण प्राध्यापक विचारतोय आणि ही "हो", "नाही", "माहीत नाही". मी टेबलाखालून पाय लावला, तरी नाही.

निघताना प्राचार्य उठून उभे राहिले. म्हणाले, "मुलगी हुशार आहे. तुम्ही चांगली वाढवलीय." आणि म्हणाले, की दर सत्राला पालकांना चहाला बोलावतात, तुम्हीही याल.

उतरताना मी भिंगरीला म्हटलं, "दर खेपेला हाच घालून चालायचं नाही. दांड्यावर एक तपकिरी आहे. थंडीत तो काढू. उन्हाळ्यासाठी बघू काहीतरी."

"चार वर्षं, बाबा?"

"चार वर्षं म्हणजे काय, आहेत पुष्कळ कपडे."

तिने माझा हात धरला. घरापर्यंत सोडला नाही. लहानपणी धरायची तसा.

२१ मे

भिंगरीने कोट स्वतः साफ करून, टाके उसवून, प्रेस करून ठेवला होता. मी बाजारातून आलो तर दांड्यावर नाही.

"ज्यांचा होता ते घेऊन गेले," ती म्हणाली.

"आज? इतक्या दिवसांनी? कोण आलं होतं?"

"ड्रायव्हर."

"केवढं ताटकळवलं त्यांनी आपल्याला! निदान माफी तरी मागितली का?"

"हो," ती म्हणाली. "माफी मागून झाली, बाबा."

नशीब म्हणायचं. दोन दिवस आधी आला असता तर आमची पंचाईत होती.

तिचे बूट लाल मातीने भरलेले होते. विचारलं तर म्हणाली, फिरायला गेले होते. डोळेही सुजल्यासारखे. निकालाची काळजी असणार. मी म्हटलं, काळजी करू नकोस, त्यांना आपण आवडलोय.

२९ मे

नाही झालं.

दुपारी ती म्हणाली, "मी विचारून आले. माझं नाही झालं." हातातल्या कपड्याला टॅग लावता लावता सांगितलं, वर बघितलंही नाही.

मला आधी खरंच वाटेना. मग राग आला. बोलू नये ते बोललो, पण खोटं काही बोललो नाही. "होणार कसं? सुरुवातीला घडाघडा बोलत होतीस आणि ऐन वेळी मूग गिळून बसलीस. काय झालं होतं तुला?"

"घाबरले."

"कशाला घाबरलीस? मी होतो ना शेजारी? माझ्याकडून काही कमी राहिलं का, सांग."

"नाही, बाबा. तुम्ही काहीच कमी ठेवलं नाही."

ही आतून बाहेर आली. "अहो, जरा ऐका, पोरीने..."

"आई," भिंगरी म्हणाली. एवढंच. ही परत आत गेली.

माझ्या मनातून ते पितळी मुठीचं दार जात नाही. एकदा उघडलं होतं.

२ जून

ही माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते आणि उठून जाते. भेटीत गप्प बसली मुलगी आणि घरात अबोला माझ्याशी, हा कुठला न्याय?

न्हाव्याने विचारलं, "काय झालं मग टेकडीचं?" मी म्हटलं, तिथं वशिला लागतो. दुकानात बसलेले सगळे माना डोलवून बरंच बोलले. वशिल्यावर बोलायला माणसांना आवडतं. मला मात्र दाढी कधी संपते असं झालं होतं.

८ जून

वकीलीणबाई पडदे न्यायला आल्या. येताच म्हणाल्या, "काय, भिंगरीच्या सामानाची बांधाबांध झाली का?"

मी म्हटलं, "कुठलं सामान? तिचं झालं नाही."

"अहो, असं कसं? भाचा तर म्हणत होता, प्राचार्यांनी स्वतः सांगितलंय, ड्रायक्लीनरची मुलगी यायलाच हवी म्हणून."

भिंगरी काउंटरवर होती. ती मध्येच म्हणाली, "काकू, तुमच्या पडद्यावरचा डाग निघाला बरं का. जरा बघून घ्या ना." बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पडद्याकडे नाहीच पाहिलं. "छान निघालाय," म्हणाल्या आणि घाईने गेल्या. जाताना भिंगरीच्या गालाला हात लावला.

माझ्या मनात क्षणभर काहीतरी हललं. पण ड्रायक्लीनरची मुलगी म्हणजे आमची कशी असेल? आम्ही तर तसं सांगितलंच नव्हतं. भिंगरीला विचारलं, तर म्हणाली, "दुसरी कोणीतरी असेल." असेल. शहरात काय एकच दुकान आहे? मोठ्या लोकांना आपण सगळे सारखेच दिसतो.

तरी वाईट वाटलं. त्या दुसऱ्या मुलीचा बाप काय घालून गेला असेल?

१४ जून

मेहुणा भिंगरीला पुलापलीकडच्या कॉलेजात घेऊन गेला आणि नाव घालून आला. विषय हिशेबाचा. तिथं आकाशाचं काही शिकवत नाहीत. मेहुणा खुशीत होता. "पोरीने मामाची गादी चालवायची ठरवलीय!" कोणी हसलं नाही, तेव्हा त्याने पंखा वाढवला आणि वर बघत बसला.

मी गेलो नाही. भिंगरीशी मी त्या दिवसापासून कामापुरतंच बोलतोय. तिने कळवळून काही म्हणावं, चुकले म्हणावं, अशी माझी वाट बघणं चाललंय. ती तसं काही म्हणत नाही. सकाळी माझ्याआधी दुकान उघडते, झाडून घेते, माझा चहा गरम असतो. राग धरायलाही जागा ठेवत नाही.

काल मागचा दांडा रिकामा दिसला. तिने पावत्यांचे नंबर जुळवून, फोन करून, जमतील तेवढे कपडे ज्यांचे त्यांना पोचवले आणि उरलेले अनाथाश्रमाला दिले. मला विचारलंही नाही. तो तपकिरीसुद्धा गेला. मी म्हटलं, "घाई काय होती?" तर म्हणाली, "उगाच जागा अडत होती, बाबा."

२३ जून

आज तिचा कॉलेजचा पहिला दिवस.

काल दिवसभर विचार केला आणि ठरवलं, की हे असं किती दिवस चालवायचं? तिने मुद्दाम तर केलं नाही. लहान आहे. मोठ्या माणसांसमोर बसायची सवय नाही, गोंधळली. बापाने समजून घ्यायचं नाही, तर कोणी?

ती निघाली तेव्हा मी गल्ला सोडून दारापर्यंत गेलो. म्हणालो, "भिंगरे, झालं ते झालं. मी मनातून काढून टाकलंय. माफ केलं तुला."

ती बुटाचे बंद बांधायला वाकली होती, ती थोडा वेळ तशीच राहिली. मग उठून म्हणाली, "खरंच ना, बाबा? मग आता पुन्हा त्याच्याबद्दल बोलायचं नाही. कोणापाशीच."

"नाही बोलणार."

"कोणी काही सांगितलं तरी?"

"कोण काय सांगणार आहे?"

"तेच," ती म्हणाली. "येते मी. दुपारी काउंटरवर मी बसेन, तुम्ही जरा पडा." आणि पुलाच्या दिशेने गेली. तिकडे जाणारी बरीच मुलं होती, त्यांत लगेच दिसेनाशी झाली.

मागे वळलो तर ही आतल्या दारात उभी. सगळं ऐकलं असणार. मला वाटलं, आता तरी बोलेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं डाग निघणार नाही हे कळल्यावर आपण कपड्याकडे पाहतो. मग आत गेली आणि भांडी घासायला बसली, घासलेलीच भांडी.

जाऊ दे. बायकांचा राग उतरायला वेळ लागतो. मला मात्र पुष्कळ दिवसांनी हलकं वाटतंय. घरात कोणीतरी मन मोठं करावं लागतं. या वेळी ते मी केलं.